आळवीचा शेतकरी आणि कोसलचा राजा

धम्मपदाच्या सुखवग्गातील २०३ आणि २०४ या क्रमांकांच्या गाथा पुष्कळ उपासकांना मुखोद्गत असतात. पहिल्या गाथेत भुकेला सर्व रोगांत थोर मानले आहे, तर दुसरीत आरोग्याला सर्व लाभांत थोर मानले आहे. पठणाच्या ओघात एकीमागून दुसरी येते आणि आपण पुढे जातो. या दोन गाथा कोणाला उद्देशून सांगितल्या गेल्या, याविषयी धम्मपद-अट्ठकथेने जपलेल्या दोन कथा मात्र एकत्र ठेवून क्वचितच वाचल्या जातात. पहिली कथा एका उपाशी शेतकऱ्याची आहे. दुसरी अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या एका राजाची आहे. वजन कसे उतरवावे, मधुमेह कसा टाळावा, काय खावे आणि किती चालावे, याची चर्चा आज घरोघर चालते. या चर्चेत पालि वाङ्मयाचे म्हणणे काय, हे समजून घ्यायचे तर या दोन कथा एकमेकींपासून तोडून चालत नाही.

प्रथम आळवीची कथा पाहू. भगवान जेतवनात असताना आळवी नगरातील एक दरिद्री मनुष्य धम्म समजण्यास योग्य झाला आहे, असे त्यांना दिसले, आणि केवळ त्याच्यासाठी ते पाचशे भिक्खूंसह तीस योजने चालून आळवीस गेले. नगरवासीयांनी भोजनदान ठेवले. भगवान आल्याचे त्या मनुष्याच्या कानी आले. धम्मश्रवणाला जावे असे त्याच्या मनात होते. पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला होता. बैल गेला तर शेती गेली. त्याने आधी बैल शोधायचे ठरवले आणि तो रानात गेला. बैल सापडेपर्यंत बराच वेळ गेला. जनावर कळपात सोडून तो पोटात अन्नाचा कण नसताना तसाच सभेकडे आला.

इकडे भोजन आटोपले होते. दात्यांची अपेक्षा होती की भगवान आता अनुमोदन करतील. पण भगवान मौन धरून बसले होते. तो शेतकरी येऊन वंदन करून उभा राहताच त्यांनी वाढणाऱ्याला विचारले, संघाला वाढून काही अन्न उरले आहे काय? उरले आहे, असे उत्तर मिळताच त्या मनुष्याला बसवून वाढण्यास त्यांनी सांगितले. तो जेवला, त्याचे शरीर शांत झाले, चित्त स्थिर झाले, आणि मगच धम्मदेशना सुरू झाली. परतीच्या वाटेवर काही भिक्खू आपसांत कुरकुरले की, अन्य कोणत्याही दिवशी शास्त्याने असे केले नव्हते. एका माणसाला पाहून त्याला जेवण वाढायला लावले. भगवान थांबले, मागे वळले आणि त्यांनी कारण सांगितले : भुकेने पीडित माणसाला धम्म सांगितला तर त्याला त्या पीडेपायी तो समजणार नाही. २०३ क्रमांकाच्या गाथेचा प्रसंग तो हा. ज्या वाङ्मयात मितभोजनाचा उपदेश ठायी ठायी आढळतो, त्याच वाङ्मयात उपाशी माणसापुढे उपदेश थांबवून ताट आणवले जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवून आता राजाकडे वळू.

कोसलराज पसेनदीची कथा संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात 'दोणपाक' नावाच्या छोट्या सुत्तात आली आहे. राजा त्या काळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एके दिवशी जेवून तो धापा टाकत भगवानांकडे आला. त्यांनी त्याची अवस्था ओळखली आणि एक गाथा म्हटली. तिचा आशय असा : जो मनुष्य सदा जागृत असतो आणि मिळालेल्या भोजनाची मात्रा जाणतो, त्याच्या पीडा कमी होतात, त्याला जरा सावकाश येते आणि त्याच्या आयुष्याची जपणूक होते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्यालाच सांगितले की, ही गाथा भगवानांकडून शिकून घे आणि माझ्या भोजनाच्या वेळी म्हणत जा. त्याबद्दल तुला दररोज शंभर कहापण मिळतील. सुदस्सनाने तसे केले. राजा क्रमाक्रमाने नाळीभर भातावर येऊन स्थिरावला. पुढे एके दिवशी, शरीर हलके आणि रेखीव झालेले असताना, अंगावरून हात फिरवत तो उद्गारला की, भगवानांनी माझ्यावर दुहेरी अनुकंपा केली. या जन्मीच्या हिताची आणि पुढच्या हिताचीही.

सुत्त इतकेच आहे. छापील पानावर ते जेमतेम अर्धे पान भरेल. तरी त्यातील प्रत्येक तपशील विचार करण्याजोगा आहे. द्रोण आणि नाळी ही धान्य मापण्याची मापे. पालि कोशपरंपरेत चार प्रस्थांचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण होतो. नाळी आणि प्रस्थ ही मापे सामान्यतः एकच धरली जातात. त्या हिशेबाने राजाचा आहार सोळाचा एक झाला. शेर आणि पायली गावोगाव बदलत असत, तशीच ही मापेही प्रदेशाप्रमाणे बदलत. तेव्हा हा आकडा तराजूच्या काट्यासारखा घेऊ नये. शिवाय राजाच्या ताटाचे वर्णन करताना कथाकार थोडा हात सैल सोडतो, हेही मान्य केले पाहिजे. महत्त्वाचे आहे ते घट कशी झाली हे. सुत्ताचा शब्द 'अनुपुब्बेन' असा आहे, म्हणजे क्रमाने. राजाने एका दिवसात ताट उलटे केले नाही.

हा क्रम कसा साधला, हे अट्ठकथा सांगते. सुत्त आणि अट्ठकथा यांत काळाचे मोठे अंतर आहे. आज उपलब्ध असलेल्या पालि अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास सिंहलद्वीपात संकलित झाल्या, जरी त्यांतील सामग्री जुनी असली तरी. म्हणून अट्ठकथेतील तपशील हा राजवाड्यातील प्रत्यक्ष वृत्तान्त म्हणून नव्हे, तर सुत्ताचा अर्थ प्राचीन आचार्यांनी कसा लावला याचा पुरावा म्हणून वाचावा. अट्ठकथेत सुदस्सन हा राजाचा भाचा आहे; धम्मपदाच्या ३२५ व्या गाथेच्या कथेत त्याचे नाव उत्तर असे येते. भगवान त्याला सांगतात : राजा जेवू लागताच गाथा म्हणू नकोस, तो शेवटचा घास हाती घेईल तेव्हा म्हण. राजा अर्थ ध्यानी घेऊन तो घास ताटात टाकील. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ दुसऱ्या दिवशीच्या शिजवण्यातून कमी कर.

या सूचनेत मनुष्यस्वभावाची मोठी जाण आहे. भुकेल्या माणसाला पहिल्या घासाला अडवले तर तो चिडेल. शेवटच्या घासाला पोट भरलेले असते, केवळ जिभेची ओढ उरलेली असते. तो घास सुटू शकतो. आणि एक घास कमी झाल्याचे दुसऱ्या दिवशी शरीराला कळतही नाही. राजाला कोणी उपाशी ठेवले नाही, अमुक पदार्थ वर्ज्य म्हणून सांगितले नाही, चारचौघांत त्याच्या पोटावरून थट्टा केली नाही. याच राजाच्या संदर्भात सांगितल्या गेलेल्या ३२५ व्या गाथेत आळशी आणि खादाड माणसाला दाणे खाऊन माजलेल्या डुकराची उपमा आहे, हे खरे. कठोर शब्द परंपरेत आहेत. परंतु राजात बदल घडला तो त्या उपमेने नव्हे. तो घडला रोज ताटाशी म्हटल्या जाणाऱ्या गाथेने, आणि ती म्हणण्याची व्यवस्था, पदरचे शंभर कहापण देऊन, राजाने स्वतः लावली. आपली आठवण आपल्याला दगा देते, हे ओळखून त्याने ती दुसऱ्याच्या हाती सोपवली. एरवी युद्धात पराभूत होणारा, यज्ञाच्या नादी लागणारा हा राजा या एका बाबतीत चांगलाच शहाणा ठरला. २०४ व्या गाथेच्या कथेत तो प्रसन्न होऊन भगवानांना सांगतो की, आता मला हरणे आणि घोडेही पाठलाग करून पकडता येतात.

पालि वाङ्मयात या गुणाला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हटले आहे; मराठीत मात्रज्ञता म्हणता येईल. तिचे उपवासाशी नाते जोडणे ही मोठी चूक आहे, आणि आपल्याकडे ती सर्रास होते, कारण भोवतालच्या समाजात अन्न कमी करणे म्हणजे व्रत, नवस किंवा पाप फेडणे असाच अर्थ शतकानुशतके रूढ आहे. बोधिसत्त्वाने स्वतः कठोर उपोषण करून पाहिले होते. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात त्याचे वर्णन आहे : पोटाच्या कातडीला हात लावावा तर पाठीचा कणा हाती यावा, इतके शरीर झिजले होते. या मार्गाने ज्ञान मिळत नाही असे दिसताच त्यांनी भात आणि कुल्माष खाल्ले. त्याबद्दल पाच सहकारी त्यांना सोडून गेले तरी खाल्ले. आत्मक्लेश नाकारणारी ही दृष्टी बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठळकपणे मांडली आहे. मात्रज्ञतेत देवाला प्रसन्न करायचे नसते की शरीराला शिक्षा करायची नसते. जेवताना 'हे मी कशासाठी खातो आहे' हा प्रश्न जागा ठेवायचा असतो. शरीर टिकावे, भुकेची वेदना शमावी आणि अतिभोजनाची नवी वेदना निर्माण होऊ नये, एवढेच त्याचे उत्तर.

संघातही हा बदल सुखासुखी झाला नाही, हे विशेष. लटुकिकोपम सुत्तात उदायी स्थविर जुन्या आठवणी सांगतात. भिक्खू पूर्वी सकाळी, दुपारनंतर आणि रात्रीही जेवत. भगवानांनी आधी दुपारनंतरचे अवेळी जेवण सोडायला सांगितले. तेव्हा उदायींना वाईट वाटले, कारण श्रद्धाळू गृहस्थ त्या वेळी उत्तम पदार्थ वाढत. काही काळाने रात्रीचे जेवण सोडायला सांगितले. तेव्हा आणखी वाईट वाटले, कारण घराघरांत चांगले पदार्थ रात्रीच शिजत. उदायी प्रामाणिक आहेत. जिभेचे दुःख लपवत नाहीत. पण ते दुसरी बाजूही सांगतात. अंधारात भिक्षेला निघालेले भिक्खू कधी गटारात पडत, कधी काट्यांत, तर कधी निजलेल्या गाईवर आदळत. एकदा विजेच्या लखलखाटात भांडी घासणाऱ्या एका स्त्रीने त्यांना पाहिले आणि पिशाच समजून ती किंचाळली. तो भिक्खू आहे असे कळल्यावर तिने संतापून सुनावले की, पोटापायी असे रात्री हिंडण्यापेक्षा कसायाच्या सुरीने ते पोट कापून टाकलेले बरे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका सामान्य गृहिणीचा राग सुत्तात जसाच्या तसा उतरला आहे.

कीटागिरी सुत्तातले अस्सजी आणि पुनब्बसुक तर सरळ नकार देतात. आम्ही संध्याकाळी खातो, सकाळी खातो, भर दिवसा अवेळीही खातो आणि तरी धडधाकट आहोत. मग समोर दिसणारे सोडून पुढच्या कशाच्या मागे का लागावे, असा त्यांचा युक्तिवाद. डॉक्टरांच्या दवाखान्यात आज ऐकू येणारे शब्द याहून फार वेगळे नसतात. भद्दाली नावाच्या भिक्खूने एकदाच जेवण्याच्या नियमाला विरोध केला, तेव्हा भगवानांनी त्याला सवलत देऊ केली : निमंत्रण असेल तेथे थोडे खा, थोडे बरोबर ने आणि नंतर खा. (भद्दालीने तीही नाकारली, हा भाग वेगळा.) एकाच बैठकीत जेवण्याचे लाभ म्हणून भगवान सांगतात ते व्याधी कमी होणे, शरीराला हलकेपणा आणि बळ येणे, सुखाने राहता येणे, असे आहेत. स्वर्गाचा त्यांत उल्लेख नाही.

हा सारा इतिहास आपल्या समाजापुढे मांडताना लेखणी थोडी अडखळते, आणि ती अडखळावी. ज्यांच्या आजोबांनी गावकीची कामे करून दारोदार भाकरीचे तुकडे गोळा केले, त्यांच्या नातवंडांना 'कमी खा' हे कोणी सांगावे? १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची याचना सोडण्याचे आवाहन केले. आधीच अपुऱ्या असलेल्या ताटातून स्वाभिमानासाठी अन्न बाजूला सारण्याचा तो निर्णय होता. पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या आहारनियमनाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर जाऊन मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्या घरी पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढताना जो आग्रह होतो, त्यामागे तो इतिहास उभा आहे. घरातले लेकरू गुटगुटीत दिसावे, ही त्या पिढीची इच्छा कोणाला हसण्यासारखी वाटत असेल तर त्याने उपाशी माणूस पाहिलेला नाही.

पण शरीराचा हिशेब भावनेपेक्षा वेगळा चालतो, आणि येथे महाराष्ट्रात झालेले एक संशोधन ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त असे हे शरीर. गर्भात अपुऱ्या पोषणावर वाढलेल्या अशा शरीराला पुढे मुबलक अन्न आणि बैठे काम मिळाले की मधुमेह लवकर गाठतो, असे या अभ्यासाच्या परंपरेने दाखवले आहे. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादाही खाली धरावी लागते. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो पाश्चात्त्यांत २५ वर अधिक वजनाचा मानतात. आपल्याकडे तो २३ वरच मानण्याची शिफारस २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी केली.

आईची भूक आणि मुलाचा मधुमेह असे जोडलेले आहेत. आळवीचा शेतकरी आणि कोसलचा राजा या दोन वेगळ्या व्यक्ती राहत नाहीत. एकाच घरात, कधी एकाच देहात, दोन पिढ्यांच्या अंतराने त्यांची गाठ पडते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया आवश्यकतेपेक्षा कमी वजनाच्या आणि २४ टक्के अधिक वजनाच्या आढळल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली. २०३ आणि २०४ या दोन्ही गाथांना आज एकाच वेळी श्रोते आहेत. कोणाला कोणती गाथा सांगायची, हे मात्र समोरच्या माणसाकडे पाहूनच ठरवावे लागेल. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर उणे भरणाऱ्या बालकाच्या आईला मात्रज्ञता शिकवायची नसते. तिच्या ताटात डाळ, अंडे आणि भाजी आली पाहिजे. स्वतः बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेहाने किती जर्जर केले, हे आपण जाणतो. या व्याधीकडे आपण तरी श्रीमंतांची व्याधी म्हणून पाहू नये.

आहाराच्या बरोबरीने दुसरी गोष्ट येते ती चालण्याची, आणि येथे विनयपिटकाने आपल्यासाठी एक अपूर्व नोंद राखून ठेवली आहे. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुखंधकात वेसाली नगरातील प्रसंग आहे. तेथे भिक्खूंना एकामागून एक उत्तमोत्तम भोजने मिळत होती. परिणामी त्यांची शरीरे जडावली आणि व्याधी वाढल्या. वैद्य जीवक कोमारभच्च काही कामानिमित्त वेसालीस आला होता. त्याने भिक्खूंची ही स्थिती पाहिली. त्याने औषधांची यादी दिली नाही. भगवानांकडे जाऊन त्याने दोन गोष्टींची अनुज्ञा मागितली : चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याच्या मार्गाची, आणि जंताघराची, म्हणजे घाम काढण्याच्या उष्ण स्नानगृहाची. भगवानांनी दोन्हींना अनुमती दिली.

त्यानंतरची हकीगत एखाद्या बांधकाम खात्याच्या नोंदवहीसारखी आहे आणि म्हणूनच विश्वसनीय वाटते. भिक्खू उंचसखल जमिनीवर चालू लागले, पाय दुखले. जमीन सपाट करण्याची अनुमती मिळाली. मार्ग सखल होता, पाणी भरले. तो उंच करण्याची अनुमती मिळाली. भराव ढासळला, विटा, दगड किंवा लाकूड यांनी तो बांधून काढण्यास सांगितले गेले. चढताना त्रास झाला. पायऱ्या आल्या, हाताला आधार आला. चालताना कोणी पडले, कठडा आला. ऊन आणि थंडी बाधू लागली. तेव्हा चंक्रमणशाळा, म्हणजे छपराखालचा मार्ग, मान्य झाला. चाला, असा नुसता उपदेश करून भगवान थांबले नाहीत. चालणे ज्या ज्या कारणाने बंद पडत होते, ते ते कारण दूर केले गेले. अंगुत्तरनिकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास झेपतो, प्रयत्न झेपतो, व्याधी कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालता चालता साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी निदान तीन तरी उघड शारीरिक आहेत.

ही प्रथा पुढे हजार वर्षांहून अधिक काळ टिकली, याची साक्ष चिनी भिक्खू इत्सिंग देतो. तो ६७१ साली चीनहून निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ साली मायदेशी परतला. त्याच्या वृत्तान्तात चंक्रमणावर स्वतंत्र प्रकरण आहे. भारतात भिक्खू आणि गृहस्थ असे दोघेही ठरावीक वेळी, गोंगाटापासून दूर, सरळ मार्गावर येरझारा घालतात. त्याने रोग हटतात आणि अन्न पचते, असे तो नोंदवतो. सकाळी एकदा आणि उतरत्या दुपारी एकदा, या त्याने दिलेल्या वेळा. आजच्या शहरातील बागांत सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांना या वेळा नव्याने शिकवाव्या लागणार नाहीत. येथे 'गृहस्थ' हा शब्द मला मोलाचा वाटतो. चंक्रमण ही केवळ चीवरधारींची साधना नव्हती.

आधुनिक वैद्यकाने या दोन गोष्टींची, थोड्या कमी आहाराची आणि नित्य चालण्याची, कसोशीने परीक्षा घेतली आहे. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजन ७ टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळ्या घेणाऱ्या गटापेक्षा ही घट मोठी होती. २००६ साली प्रसिद्ध झालेला चेन्नईचा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा. तेथे ५३१ व्यक्ती होत्या. आहार आणि चालणे यांत बदल करणाऱ्यांत धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि लक्षणीय म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष मुद्दाम सांगावा. ज्यांना मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र अष्टशील पाळताना संध्याकाळचे जेवण परस्पर बंद करू नये, आधी वैद्याला विचारावे. आजारी भिक्खूसाठी विनयाने जागोजागी नियम सैल केले आहेत, ते उगीच नव्हेत.

बुद्धगयेला जाणारे आपले यात्रेकरू महाविहाराच्या उत्तरेकडील रत्नचंक्रमण पाहतात, त्यावर कोरलेल्या कमळांना वंदन करतात आणि पुढे सरकतात. इत्सिंगने अशाच चंक्रमणांचे वर्णन केले आहे : विटांचे बांधलेले, दोन हात रुंद, चौदा-पंधरा हात लांब, दोन हातांहून थोडे उंच, वर चुन्याची उमललेली कमळे. भगवान ज्या ज्या ठिकाणी चालले, तेथे ती बांधली होती. उंची आणि कमळे सोडून दिली, तर एवढा सपाट पट्टा आपल्या बहुतेक विहारांच्या अंगणात निघू शकतो. पौर्णिमेच्या वंदनेनंतर खिरीची वाटी हाती घेऊन आपण जेथे गप्पा मारत उभे असतो, साधारण तेवढीच ती जागा.